स्टेशन उरले, थांबा गेला

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील लिव्हिंग्स्टन गावात नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने १९०२ साली उभारलेले प्रवासी स्टेशन आजही उत्तम स्थितीत आहे. लाल विटांच्या तीन इमारती, रुळांच्या बाजूने त्यांना जोडणारी खांबांची वळणदार ओसरी आणि भिंतींवर कंपनीचे लाल-काळे वर्तुळाकार चिन्ह असे त्याचे रूप आहे. सेंट पॉल शहरातील रीड आणि स्टेम या ज्या वास्तुविशारदांनी ते रेखाटले, त्यांचाच पुढे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलच्या रचनेत मोठा वाटा होता. यलोस्टोन उद्यानाला निघालेले प्रवासी येथे मुख्य मार्गावरील गाडीतून उतरून गार्डिनरकडे जाणाऱ्या फाट्याची गाडी पकडत. म्हणूनच गावाच्या वस्तीच्या मानाने हे स्टेशन एवढे भव्य झाले. १९८० च्या दशकात स्थानिक पुढाकाराने त्याची दुरुस्ती झाली. आता तेथे संग्रहालय आहे, समारंभ होतात आणि ओसरीपुढून मालगाड्याही जातात. नियमित प्रवासी गाडी मात्र ऑक्टोबर १९७९ नंतर तेथे थांबलेली नाही.

या स्टेशनाचे जतन झाले असे आपण म्हणू शकतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, त्याच्या भिंती आणि छप्पर यांचे जतन झाले, पण ज्याच्यासाठी ते बांधले गेले त्या थांब्याचे झाले नाही. रेल्वे स्टेशनाचा वारसा सर्वांत आधी थांब्यात असतो. अमुक ठिकाणी गाडी थांबेल, अमुक वेळी थांबेल आणि तिकीट काढलेल्या कोणालाही तिच्यात चढता येईल, या सार्वजनिक वचनाला दिलेले विटा-लाकडाचे रूप म्हणजे स्टेशन. हे वचन मोडू देऊन विटांची डागडुजी करत राहणे, हे वारसा-धोरण म्हणून अपुरे आहे आणि मोंटानात त्याची किंमत लाखो लोक रोज मोजत आहेत.

मोंटानाचा विस्तार सुमारे ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बराच मोठा. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम १० लाख ८४ हजार. पूर्वेकडे गव्हाची आणि कुरणांची मोकळी पठारे, पश्चिमेकडे रॉकी पर्वत आणि दोन्हीकडे वर्षातले कित्येक महिने बर्फ. अशा प्रदेशात स्टेशनाला लोक ‘डेपो’ म्हणत आले. मराठी कानाला डेपो म्हटले की एसटीचे आगार आठवते. मोंटानात मात्र डेपो म्हणजे गावाचा दरवाजा होता. लहान गावातल्या डेपोची इमारत बहुतेक एकाच साच्यातली असे. एका टोकाला मालाची खोली, दुसऱ्या टोकाला उतारूंची बसण्याची खोली आणि मधे एजंटची कचेरी. या कचेरीची खिडकी भिंतीच्या पुढे, रुळांकडे काढलेली असे, कारण एजंटला खुर्चीवरून न उठता मार्गावर दोन्ही बाजूंना दूरवर पाहता आले पाहिजे. तिकिटे देणे, मालाच्या पावत्या फाडणे, तारा घेणे आणि पाठवणे, एवढेच नव्हे तर गाड्यांना पुढच्या मार्गाचे लेखी हुकूम देणे हेही त्याच एका माणसाचे काम असे. न थांबणाऱ्या गाडीला तो हुकूम लाकडी कडीत अडकवून उंच धरी आणि इंजिनवरचा माणूस हात बाहेर काढून ती कडी धावत्या गाडीतूनच उचलून घेई. काही ठिकाणी एजंटचे कुटुंब त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असे.

या खोलीतून काय काय गेले असेल याचा विचार केला, तरी थांबा या शब्दाचे वजन कळते. टपालाच्या थैल्या, साईचे डबे, नांगराचे फाळ, शहरातून मागवलेली औषधे, शवपेट्या, शाळेवर रुजू होण्यासाठी आलेल्या शिक्षिका. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू प्रदेशात ३२० एकरांपर्यंत जमीन वसाहतीसाठी मिळू लागली, तेव्हा हजारो कुटुंबे याच थांब्यांवर उतरली. मालडब्यात एका बाजूला गाय, घोडा आणि अवजारे, दुसऱ्या बाजूला पलंग आणि भांडीकुंडी भरून ती येत. १९१७ नंतरच्या सलग दुष्काळात त्यांतील हजारो कुटुंबे त्याच थांब्यांवरून परत गेली. १९१९ ते १९२५ या काळात मोंटानातील निम्म्याहून अधिक बँका बुडाल्या. डेपोच्या बाकावर आशेने आलेले आणि हरून चाललेले लोक सारखेच बसले. लहान थांब्यांवर गाडी कोणी चढणारे-उतरणारे असेल तरच थांबे. आपल्याकडच्या ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या योजनेची आठवण यावी, तसा तेथे झेंडा किंवा दिवा दाखवला जाई. एकट्यादुकट्या माणसासाठीही शेकडो टनांची गाडी थांबवण्याची सोय त्या व्यवस्थेत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जुन्या स्टेशनांविषयी लिहिताना गहिवरून जाणे सोपे असते, पण या इतिहासाची दुसरी बाजू वगळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. नॉर्दर्न पॅसिफिकला १८६४ च्या सनदेने मिळालेल्या विस्तीर्ण जमिनी कोणाच्या होत्या? ८ सप्टेंबर १८८३ रोजी मोंटानातील गोल्ड क्रीक येथे कंपनीचे अध्यक्ष हेन्री व्हिलार्ड यांनी माजी राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांच्या उपस्थितीत मार्ग पूर्ण झाल्याचा सोहळा केला, तो मार्ग मूळ रहिवाशांच्या भूमीतून गेला होता. उत्तरेकडे जेम्स जे. हिल यांच्या रेल्वेला (पुढची ग्रेट नॉर्दर्न) १८८७ साली मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या राखीव प्रदेशातून जाण्याचा हक्क अमेरिकी काँग्रेसने दिला आणि लगेच १८८८ साली त्या प्रचंड राखीव प्रदेशाचे तुकडे होऊन फोर्ट पेक, फोर्ट बेलनॅप आणि ब्लॅकफीट असे तीन लहान प्रदेश उरले. १८९५ साली ब्लॅकफीट लोकांकडून डोंगराळ पट्टा घेण्यात आला. पुढे १९१० साली तो ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाचा भाग झाला आणि ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने त्याच ब्लॅकफीट लोकांना पारंपरिक वेषात स्टेशनवर पर्यटकांच्या स्वागताला उभे करून आपल्या जाहिरातींत वापरले. हे सारे सांगितल्यावर थांब्यांचा आग्रह सैल पडतो, असे मात्र मला वाटत नाही. उलट, आज वुल्फ पॉइंटचा थांबा फोर्ट पेक राखीव प्रदेशात आहे, ब्राउनिंग आणि ईस्ट ग्लेशियर हे थांबे ब्लॅकफीट प्रदेशात आहेत. ज्यांच्या जमिनीवरून रूळ गेले त्यांना त्या रुळांवरची गाडी मिळणे हे तरी त्यांचे किमान देणे आहे.

मोंटानात एक ना दोन, तीन मोठे मार्ग आले. दक्षिणेतून नॉर्दर्न पॅसिफिक, उत्तरेतून ग्रेट नॉर्दर्न आणि सर्वांत शेवटी १९०९ साली पूर्ण झालेला, मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीचा मार्ग. या चुरशीमुळे मिसूला, ब्यूट आणि ग्रेट फॉल्स या शहरांना एकाहून अधिक देखणी स्टेशने मिळाली. मिसूलात हिगिन्स अ‍ॅव्हेन्यूच्या उत्तर टोकाला नॉर्दर्न पॅसिफिकचे १९०१ चे स्टेशन आहे आणि क्लार्क फोर्क नदीच्या काठी मिलवॉकी रोडचे १९१० चे मनोरे असलेले स्टेशन आहे. ब्यूटमधील मिलवॉकी रोडच्या १९१७ च्या स्टेशनात शेवटची गाडी गेल्यानंतर दूरचित्रवाणी केंद्र आले. मिसूलातील मिलवॉकी स्टेशन बून अँड क्रॉकेट क्लब या वन्यजीव-संवर्धन संस्थेचे मुख्यालय झाले. बिलिंग्जचे १९०९ चे स्टेशन दुरुस्त होऊन समारंभांची जागा बनले. वेस्ट यलोस्टोनमधील युनियन पॅसिफिकचे दगडी स्टेशन संग्रहालय झाले. कॅलिस्पेलच्या स्टेशनात व्यापारी संघाची कचेरी आली आणि शहरातले रूळ अलीकडे उखडून तेथे पायवाट झाली. १९०४ साली मुख्य मार्ग व्हाइटफिशकडे वळवला गेला, तेव्हापासूनच कॅलिस्पेल आडबाजूला पडत गेले होते.

यातील प्रत्येक रूपांतरामागे स्थानिक माणसांचे कष्ट आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. गार्डिनरला काय झाले ते पाहिले, म्हणजे या कष्टांची किंमत कळते. यलोस्टोनच्या उत्तर दरवाजाजवळ रॉबर्ट रीमर यांनी १९०३ साली ओंडक्यांचे एक विलक्षण स्टेशन उभारले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते शेजारच्या दगडी कमानीची कोनशिला बसवली गेली. कमान आजही आहे. स्टेशन मात्र प्रवासी गाड्या बंद झाल्यावर काही वर्षांतच पाडले गेले. इमारतीला नवे काम मिळाले नाही तर ती जाते, हे जतनवाद्यांचे म्हणणे म्हणूनच खरे आहे. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीला आहे. नवे काम मिळाले की प्रश्न सुटला, असे मानले जाते आणि गाडी परत येण्याची वाट पुष्कळदा त्या नव्या कामानेच अडते. फलाटाच्या जागी वाहनतळ होतो, रुळांकडचे दरवाजे कायमचे बंद होतात, प्रतीक्षागृहात स्वयंपाकघर येते.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. १९६६ च्या ऐतिहासिक जतन कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. एखाद्या वास्तूचे अस्सलपण टिकून आहे की नाही हे ठरवताना स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध अशा सात बाबी पाहिल्या जातात. या सातांत वापर नाही. चर्चचे नाट्यगृह झाले किंवा गिरणीची सदनिका झाली, तरी ही कसोटी पुरेशी ठरू शकते, कारण त्या इमारतींचे मूळ काम दुसरीकडे चालू राहू शकते. स्टेशनाचे तसे नसते. मिसूलाच्या स्टेशनात गाडी थांबत नाही याचा अर्थ मिसूलात गाडीच नाही. शिवाय नोंदवहीत नाव आल्याने खासगी मालकाला आपली इमारत पाडण्यास बंदी होत नाही. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, हे सर्वांत मोठे आर्थिक बळ. साहजिकच उपाहारगृह किंवा कचेऱ्या काढण्याकडे कल वाढतो. गाडी थांबवण्याच्या तयारीला अशी कोणतीही सवलत नाही.

ग्रँड सेंट्रलचे उदाहरण येथे मुद्दाम आठवावेसे वाटते. न्यूयॉर्कचे पेन स्टेशन १९६३ पासून पाडले गेले आणि त्या धक्क्यातून शहराचा जतनाचा कायदा आला. त्या कायद्याच्या बळावर ग्रँड सेंट्रल वाचले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पण ग्रँड सेंट्रल आज जिवंत वाटते ते न्यायालयामुळे तेवढे नाही, जेवढे तेथे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांमुळे. त्याच वास्तुविशारदांची लिव्हिंग्स्टनची ओसरी तितकीच सुबक आहे आणि तिच्याखाली गाडीची वाट पाहणारे कोणी नाही.

गाड्या गेल्या कशा, हे थोडक्यात सांगायला हवे. पक्के रस्ते आणि विमाने यांनी उतारू कमी केले हे खरे, पण शेवटचा घाव टपालाचा होता. १९६७ साली टपाल खात्याने रेल्वेतून टपाल नेण्याचे बहुतेक करार रद्द केले आणि कशाबशा तग धरून असलेल्या गाड्यांचे उत्पन्न एकाएकी आटले. १ मे १९७१ रोजी केंद्राने स्थापन केलेल्या अ‍ॅमट्रॅकने देशातील बहुतेक प्रवासी गाड्या हाती घेतल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी दक्षिण मोंटाना वगळला गेला होता. सिनेटमधील बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड हे मोंटानाचेच होते. त्यांच्या प्रयत्नाने महिन्याभरात नॉर्थ कोस्ट हायावाथा ही गाडी सुरू झाली. बराच काळ ती आठवड्यातून तीनच दिवस धावली. १९७९ च्या काटछाटीत ती बंद झाली. ते वर्ष तेलटंचाईचे होते आणि देशभर लोक रेल्वेकडे वळत होते, ही गोष्ट आज वाचताना विशेष खटकते.

त्यानंतर मोंटानात फक्त एक गाडी उरली. शिकागो आणि पश्चिम किनारा यांना जोडणारी, १९२९ पासून धावणारी एम्पायर बिल्डर. ती उत्तरेच्या मार्गाने जाते, ज्याला स्थानिक लोक हाय-लाइन म्हणतात. वुल्फ पॉइंट, ग्लासगो, माल्टा, हावरे, शेल्बी, कट बँक, ब्राउनिंग किंवा ईस्ट ग्लेशियर, एसेक्स, वेस्ट ग्लेशियर, व्हाइटफिश, लिबी हे तिचे थांबे. ग्लासगो, माल्टा अशी दूरदेशीची नावे पृथ्वीचा गोल फिरवून बोट पडेल तेथून घेतली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. व्हाइटफिशचे १९२८ चे स्टेशन सोडले, तर यांतील बहुतेक इमारती साध्या आहेत. पण माल्टाच्या त्या साध्या खोलीत बसलेल्या माणसाला गाडी येणार आहे हे ठाऊक असते. माझ्या दृष्टीने ती खोली लिव्हिंग्स्टनच्या स्टेशनाहून अधिक ऐतिहासिक आहे, कारण तिचा इतिहास अजून चालू आहे.

आता या दोन मार्गांवरच्या वस्तीकडे पाहावे. बिलिंग्ज, मिसूला, ग्रेट फॉल्स, बोझमन, ब्यूट, हेलेना आणि कॅलिस्पेल ही राज्यातली सात सर्वांत मोठी शहरे. यांपैकी एकातही आज नियमित प्रवासी गाडी थांबत नाही. राज्याची राजधानी त्यात आली, दोन मोठी विद्यापीठे त्यात आली, मोठी रुग्णालयेही त्यात आली. ज्या वृद्ध माणसाने मोटार चालवणे सोडले आहे, ज्या विद्यार्थ्याकडे मोटार नाही, ज्या रुग्णाला हिवाळ्यात खिंड ओलांडून तपासणीला जायचे आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न वास्तुकलेचा नाही. दक्षिणेच्या शहरांत डेपो सुंदर आहेत आणि गाडी नाही, उत्तरेच्या लहान गावांत गाडी आहे. ही विभागणी कोणी विचार करून केलेली नाही. १९७१ आणि १९७९ मधल्या घाईच्या निर्णयांची ती शिल्लक आहे.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. एवढ्या विरळ वस्तीत गाडी चालवणे परवडत नाही, असे सांगितले जाते. तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च निघणार नाही हे मला मान्य आहे. पण त्याच राज्यात महामार्गांवरचा बर्फ सार्वजनिक पैशाने काढला जातो आणि तो पैसा परत मिळावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. विमान कंपन्यांवरील नियंत्रणे १९७८ साली उठवताना लहान गावांची सेवा टिकावी म्हणून केंद्र सरकारने अनुदानाची योजना आणली. त्या योजनेतून आजही ग्लासगो, ग्लेंडाइव्ह, हावरे, सिडनी आणि वुल्फ पॉइंट यांना बिलिंग्जशी जोडणारी छोटी विमाने उडतात. ही योजना योग्यच आहे. दूरच्या गावाला जगाशी जोडून ठेवणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, असे ती मानते. मग हेच तत्त्व रुळांना लावताना ते एकदम तोट्याचे का ठरते, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २००८ च्या कायद्याप्रमाणे ७५० मैलांहून, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरहून कमी लांबीच्या मार्गांचा भार मुख्यतः राज्यांवर पडतो, तर लांब पल्ल्याच्या गाड्या केंद्राच्या जबाबदारीत येतात. शिकागो ते सिएटल हा मार्ग या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा आहे. त्यामुळे दहा-अकरा लाख लोकांच्या राज्याने हा भार एकट्याने उचलावा, असे कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप असा की, एकदा गेलेली गाडी परत येत नाही, तेव्हा निदान इमारती तरी वाचवू द्या. या आक्षेपामागची निराशा मला समजते, पण मिलवॉकी रोडची हकिकत तिच्या विरुद्ध साक्ष देते. हार्लोटन ते आयडाहोतील अ‍ॅव्हरी असा सुमारे ७०० किलोमीटरचा डोंगरी मार्ग या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळातच विजेवर चालवला होता. जगातल्या त्या काळच्या सर्वांत धाडसी विद्युतीकरणांपैकी ते एक होते. १९७४ साली वीज बंद झाली, १९७७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि १९८० साली पश्चिमेचा सारा मार्ग सोडून दिला गेला. सोडलेल्या रेल्वेमार्गाची जमीन पुढे कधी तरी रूळ टाकता यावेत म्हणून पायवाट करून अखंड राखण्याची सोय करणारी कायदेशीर तरतूद १९८३ साली आली. तीन वर्षे उशीर झाला. तोवर मार्गाचे तुकडे होऊन अनेक ठिकाणी जमीन शेजारच्या मालकांकडे गेली होती. आयडाहोच्या सीमेवरील टॅफ्ट बोगद्यातून आज सायकलस्वार जातात, कारण तेवढा पट्टा सुदैवाने सार्वजनिक हातात राहिला. परतीची वाट तुटते ती रूळ आणि जमीन गमावल्याने. दक्षिणेच्या मार्गावर तर रूळ आहेत, सिग्नल आहेत, मालगाड्या आहेत. १९८७ पासून हा मार्ग मोंटाना रेल लिंक ही कंपनी भाडेपट्ट्याने चालवत होती आणि २०२४ च्या सुरुवातीला तो पुन्हा बीएनएसएफ या मोठ्या रेल्वे कंपनीकडे आला. ब्यूटची अडचण अधिक आहे, कारण होमस्टेक खिंडीवरून तेथे जाणारा मार्ग १९८० च्या दशकापासून वापरात नाही. पण बिलिंग्ज, लिव्हिंग्स्टन, बोझमन, हेलेना, मिसूला या ओळीवर गाडी आणायला नवा रेल्वेमार्ग बांधावा लागणार नाही.

गाडी आहे तेथेही निर्धास्त राहता येत नाही. १९९५ साली एम्पायर बिल्डर आठवड्यातून चार दिवसांवर आली आणि रोजची व्हायला १९९७ साल उजाडले. महासाथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, ती तीन दिवसांवर आणली गेली आणि केंद्राचा निधी मिळाल्यावर मे २०२१ मध्ये पुन्हा रोज धावू लागली. आठवड्यातून तीनदा येणारी गाडी निम्म्याहून कमी उपयोगाची असते. मंगळवारी तपासणी असलेल्या रुग्णाला बुधवारची गाडी काय कामाची? अशा काटछाटीच्या वेळी स्टेशनाची इमारत ऐतिहासिक आहे की नाही याला काहीच महत्त्व उरत नाही, कारण कायदा इमारत पाहतो, वेळापत्रक पाहत नाही. २०२१ सालीच २५ सप्टेंबरला जॉप्लिन गावाजवळ एम्पायर बिल्डर रुळांवरून घसरली आणि तीन प्रवासी मृत्युमुखी पडले. आजूबाजूच्या गावांतले लोक मोटारी, पाणी आणि अन्न घेऊन धावले. ती गाडी त्यांच्या गावात थांबतही नाही. पुढे झालेल्या केंद्रीय चौकशीत रुळांची आणि त्यांच्याखालच्या भरावाची स्थिती हे कारण पुढे आले. थांबा राखायचा तर रूळ राखावे लागतात आणि ते काम शोभेच्या दुरुस्तीत बसत नाही.

सुदैवाने मोंटानातच दुसरा विचार सुरू झाला आहे. काउंटी हे तेथील जिल्ह्यासारखे एकक. २०२० साली १२ काउंटींनी एकत्र येऊन बिग स्काय पॅसेंजर रेल ऑथॉरिटी स्थापन केली आणि नंतर आणखी काउंटी तिच्यात सामील झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने दक्षिणेच्या मार्गाची आपल्या कार्यक्रमात निवड करून पहिल्या टप्प्याच्या आखणीसाठी ५ लाख डॉलर दिले. देशातल्या लांब पल्ल्याच्या मार्गांच्या केंद्रीय अभ्यासातही हा मार्ग आला. राजकीयदृष्ट्या अतिशय विभागलेल्या काळात शेतकरी काउंटी आणि विद्यापीठांची शहरे एका टेबलाशी बसली, हे मला आजवरच्या कोणत्याही इमारतीच्या दुरुस्तीपेक्षा मोठे जतनकार्य वाटते.

या प्रयत्नाला जतनक्षेत्राने बाहेरून शुभेच्छा देऊन थांबू नये. सार्वजनिक पैसा किंवा करसवलत घेऊन जेथे जुन्या डेपोची दुरुस्ती होते, तेथे इमारत आणि रूळ यांच्यामधली पट्टी मोकळी राहील, उतारूंना रुळांकडे जाण्याची वाट बंद होणार नाही आणि गाडी परत आली तर एक खोली प्रतीक्षेसाठी देता येईल, अशा अटी करारातच असाव्यात. यात उपाहारगृहवाल्याचे किंवा संग्रहालयाचे फार काही जात नाही. १९९० च्या अपंगविषयक कायद्यामुळे जुने फलाट आहेत तसे चालणार नाहीत, तेव्हा जतनासाठी जमवलेल्या निधीतला काही वाटा फलाट, उतरण आणि दिवे यांच्या आराखड्यावर खर्च व्हावा. बोझमन हे राज्यातले सर्वांत झपाट्याने वाढणारे शहर. तेथील जुने स्टेशन वर्षानुवर्षे वापराविना उभे राहिले. नव्याने करार करायला याहून चांगली जागा नाही. यासोबत प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा अग्रक्रम देणाऱ्या केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी व्हावी, यासाठी जतनसंस्थांनीही आवाज उठवला पाहिजे. हा कायदा १९७० च्या दशकापासून अस्तित्वात आहे, पण तो मोडल्यास न्यायालयात जाण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी न्याय खात्याकडे असल्याने त्याचा धाक फारसा उरलेला नाही. थांब्यावर गाडी चार-पाच तास उशिरा येऊ लागली की लोक तिचा नाद सोडतात आणि मग उतारू नाहीत म्हणून थांबा बंद होतो. जतनवाद्यांना छपराची गळती पहिल्या दिवशी दिसते. ही गळतीही त्यांना तितक्याच लवकर दिसायला हवी.

मिसूलात उन्हाळ्यात शनिवारी सकाळी जुन्या नॉर्दर्न पॅसिफिक स्टेशनासमोर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ साली तो सुरू झाला तेव्हा प्रवासी गाड्या अजून धावत होत्या. आजही तेथे भाजी, मध आणि फुले घेऊन आसपासच्या दऱ्यांतून माणसे येतात, सगळी मोटारीने. स्टेशनाच्या पाठीमागे रूळ तेच आहेत. बाजारातल्या माणसाला बिलिंग्जला जायचे असेल, तर त्या रुळांवर फलाट, वेळापत्रक आणि थांबणारी एक गाडी एवढे मिळाले पाहिजे, आणि त्याचा आराखडा आत्ता कागदावर येतो आहे.